नवं एअर पिस्तूल हातात आल्यावर: साईटच्या स्क्रूला हात लावण्याआधीची कामं

नवं पिस्तूल घरात आलं की पहिली खाज सुटते ती स्क्रू फिरवायची. ट्रिगर जरा हलका करूया, ग्रिपचा कोन बदलूया, साईट (नेम धरायची खूण) दोन क्लिक डावीकडे घेऊया. आठवडाभरात अशी गत होते की चूक पिस्तुलाची, पेलेटची (शिशाच्या छोट्या गोळीची) की आपल्या हाताची, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून एकच नियम पाळायचा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती वहीत लिहायची. बाकीचं सगळं त्याच नियमाचा विस्तार आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत नेमबाजीकडे वळणारी पोरं-पोरी वाढल्या आहेत, आणि त्याचं नवल वाटू नये. पलीकडच्या कोल्हापुरातून तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आल्या. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये कांस्य घेतलं. निपाणीकराला तर कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ. क्लबच्या पिस्तुलावर वर्ष-दोन वर्षं काढल्यावर घरचे लाख-दीड लाखाच्या वर खर्च करून स्वतःचं पिस्तूल घेऊन देतात. हा लेख तिथून पुढचा आहे, आणि फक्त 10 मीटर एअर पिस्तुलापुरता. 25 मीटरच्या .22 पिस्तुलाचे कायदे वेगळे आणि सवयीही वेगळ्या.

आधी कागदपत्रं

4.5 मिलिमीटर कॅलिबरच्या आणि 20 जूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही. मॅच म्हणजे स्पर्धेच्या पिस्तुलाची ऊर्जा या मर्यादेच्या बरीच खाली असते: अर्ध्या ग्रॅमचा पेलेट सेकंदाला साधारण 150-155 मीटर वेगानं सुटतो, म्हणजे हिशेब सहा जूलच्या आसपास बसतो. पण हे तुम्हाला ठाऊक असून भागत नाही, नाक्यावरच्या पोलिसालाही पटावं लागतं. त्याला दिसतं ते पिस्तूल. बेळगावहून कोल्हापूरला सरावाला किंवा स्पर्धेला जाताना कोगनोळीला गाडी थांबवली, डिकी उघडली, तर बिल, ओळखपत्र आणि क्लबचं किंवा संघटनेचं कार्ड लगेच पुढे करता आलं पाहिजे. बिलावरचा सीरियल नंबर पिस्तुलावरच्या नंबरशी जुळतो का, ते दुकानातच बघून घ्यावं. निवडणुकीच्या दिवसांत तपासणी कडक असते. तेव्हा बिलाची प्रत पिस्तुलाच्या डब्यातच ठेवलेली बरी. पिस्तूल कायम कुलूपबंद डब्यात, हवेचा सिलिंडर काढून. बसमध्ये, हॉटेलात "बघू रे जरा" म्हणणाऱ्या मित्रासाठी डबा उघडायचा नाही.

डबा उघडल्यावर

स्टायर, मोरिनी, पार्डिनी, वाल्थर, फाइनवर्कबाऊ, कुठलंही असो, डब्यात पिस्तुलासोबत सिलिंडर, हवा भरायचा अडॅप्टर, ॲलन की, माहितीपुस्तिका आणि बहुतेक वेळा कारखान्यातलं टेस्ट कार्ड असतं. पोरं हे कार्ड कपाटात टाकून विसरतात. ते नीट बघा. पिस्तूल शिकंज्यात घट्ट धरून मारलेले शॉट्स त्यावर असतात, आणि भोकं एकमेकांवर चढून एकच फाटकं भोक झालेलं दिसतं. टार्गेटवरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिलिमीटर, पिस्तुलाचा स्वतःचा पसारा त्याच्या आत आरामात मावतो. तुमच्या टार्गेट कार्डावर सात-आठवर पसरलेले शॉट्स दिसले तर "पिस्तूल पसरतंय" म्हणण्याआधी हे कार्ड शेजारी धरून बघायचं.

मग मोबाईलनं फोटो काढा. रिअर म्हणजे मागच्या साईटचे दोन्ही स्क्रू, ट्रिगरची जागा, ग्रिपचा कोन, हाताखालच्या फळीची उंची, सगळ्याचे. पुढे काही बिघडलं, तर कारखान्याच्या मूळ जागेवर परत येता येईल. सेकंडहँड घेतलं असेल तर हे जास्तच गरजेचं, कारण आधीच्या मालकानं स्वतःच्या हाताप्रमाणे सगळं फिरवून ठेवलेलं असतं.

सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. त्याचं आयुष्य 10 वर्षांचं धरतात आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. जुनं पिस्तूल स्वस्तात मिळत असेल तर आधी ही तारीख वाचा. नव्या सिलिंडरची किंमत धरली की स्वस्ताई बरीच उतरते.

हवा भरताना

कमाल दाब 200 बार. मोठ्या टाकीवरून भरत असाल तर व्हॉल्व्ह सावकाश उघडा. घाईनं भरलं की सिलिंडर तापतो, काटा 200 दाखवतो आणि गार झाल्यावर दाब खाली येतो. फक्त हवा भरायची. ऑक्सिजनच्या सिलिंडरला कधीही जोडायचं नाही, स्फोट होऊ शकतो. जोडणीतल्या रबरी रिंगांना घरातलं शिलाई मशीनचं तेल लावायचं नाही. त्यासाठी सिलिकॉन ग्रीस मिळतं, तेही नखभर.

आपल्याकडे खरा त्रास दमटपणाचा. जून ते सप्टेंबर खानापूरच्या बाजूला भिंतींनाही पाणी सुटतं. हातपंपानं भरणाऱ्यानं या दिवसांत पंपाच्या फिल्टरकडे लक्ष ठेवावं आणि थोडं भरून, थांबून, पुन्हा भरावं. पंप तापला की हवेतलं बाष्प आत जाण्याची शक्यता वाढते. क्लबकडे कोरड्या हवेची टाकी असेल तर पावसाळ्यात सरळ तिथंच भरून घ्यावं. भरलेल्या सिलिंडरावर साधारण दीडशे शॉट्स निघतात. पूर्ण रिकामा होईपर्यंत मारत बसू नका; दाब फारच उतरला की पेलेट खाली पडू लागतात, आणि आपण उगाच साईट वर चढवतो.

पहिला दिवस कोरडा

रेंजवर पिस्तूल डब्यातून काढायचं ते फायरिंग पॉइंटवरच, तोंड टार्गेटकडे ठेवून. नळीतून रंगीत सेफ्टी फ्लॅग आरपार घातलेला असावा, म्हणजे आत पेलेट नाही हे लांबूनही कळतं. बोट ट्रिगरच्या बाहेर. कुणी कार्ड बदलायला पुढे गेलं असेल तर पिस्तुलाला हातही लावायचा नाही, रिकामं असलं तरी. नवी वस्तू दाखवायच्या नादात वळून बोलणारे पुष्कळ, आणि त्यांना "तोंड पुढं करा की वो आधी, मग बोला" हे ऐकावंच लागतं. ऐकून घ्यावं. रेंजवर वय, ओळख, शिक्का काही चालत नाही.

पहिल्या दिवशी पेलेटचा डबा पिशवीतच राहू द्या. बहुतेक मॅच पिस्तुलांत ड्राय फायरची सोय असते, म्हणजे हवा न सोडता ट्रिगर दाबून बघता येतो. कशी, ते पुस्तिकेत वाचा. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरला बटण असतं आणि बॅटरीही. सुटी बॅटरी डब्यात हवीच. स्प्रिंगच्या जुन्या एअर पिस्तुलावर मात्र ड्राय फायर करायचं नाही, आतला भाग मार खातो.

आता ग्रिप. पिस्तूल डाव्या हातानं धरून उजव्या हाताच्या अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात बसवा, मग बोटं गुंडाळा. (डावरे असाल तर उलट.) मधली दोन बोटं पिस्तूल सरळ मागे खेचतात, अंगठा नुसता टेकलेला, तर्जनी लाकडाला कुठंही घासत नाही. डोळे मिटा, हात टार्गेटच्या उंचीवर आणा, श्वास सोडा, डोळे उघडा. टार्गेटकडे बघूच नका, फक्त साईटकडे बघा. फ्रंट साईट रिअर साईटच्या खाचेत मधोमध, वरची कड सपाट एका रेषेत आहे का? पुन्हा करा. पुन्हा. दर वेळी फ्रंट साईट उजवीकडेच सरकलेली दिसली तर मनगटाशी भांडू नका. ग्रिप हातात किंचित फिरवून धरून बघा. तेवढ्यानं भागलं नाही तर वहीत लिहा, "साईट उजवीकडे". स्क्रू आज नाही.

दुसरी तपासणी उभं राहण्याची. तसेच डोळे मिटून हात उचला. उघडल्यावर साईट जुळलेली आहे पण सगळा हातच टार्गेटच्या डावीकडे गेलाय, तर दोष पायांचा. हात ओढून मध्ये आणायचा नाही. मागचं पाऊल जरासं सरकवायचं आणि अंग आपोआप वळेल. हे नव्या पिस्तुलात परत करावं लागतं, कारण ग्रिपचा कोन बदलला की खांदा आणि मनगट वेगळ्या जागी जाऊन बसतात.

पाव मिलिमीटरचा हिशेब

इथं जरा थांबू, कारण बऱ्याच जणांची गाडी इथंच रुळावरून घसरते. टार्गेटवर प्रत्येक वर्तुळ आधीच्यापेक्षा 8 मिलिमीटर बाहेर असतं. फ्रंट आणि रिअर साईटमधलं अंतर साधारण 32 सेंटिमीटर. टार्गेट 10 मीटरवर. त्रैराशिक मांडा: साईट खाचेत जेमतेम पाव मिलिमीटर इकडंतिकडं झाली की शॉट एक पूर्ण वर्तुळ बाहेर. उलट, साईट जुळलेली असताना सगळा हात सरळच्या सरळ 8 मिलिमीटर सरकला, तर शॉटही तेवढाच, 8 मिलिमीटर सरकतो.

म्हणजे हात हलतोय म्हणून घाबरायचं कारण नाही, तो सगळ्यांचाच हलतो. साईट तिरकी होणं महाग पडतं. डोळ्याचं लक्ष फ्रंट साईटच्या वरच्या कडेवर, ती कोरल्यासारखी स्पष्ट. काळं वर्तुळ धूसर दिसलं तरी चालेल, दिसलंच पाहिजे. आणि साईट काळ्याच्या मधोमध धरायची नाही. काळं 59.5 मिलिमीटरचं; त्याच्या खाली पांढऱ्यात थोडी फट ठेवून धरा. काळ्यावर काळी साईट ठेवली की कड दिसत नाही आणि मग पाव मिलिमीटर कुणाला दिसणार?

पेलेट घालून

पहिले शॉट्स पांढऱ्या कार्डावर. टार्गेट उलटं लावा, मागची कोरी बाजू आपल्याकडे. दहा-नऊचा मोह नाही, स्कोअर नाही. कार्डाच्या मध्यावर साईट नेऊन पाच शॉट्स सावकाश मारा. हात वरून खाली आणा, जागेवर आल्यावर पाच ते आठ सेकंदांत शॉट निघाला पाहिजे. दहाच्या पुढे गेलं तर हात खाली घ्या, दम घ्या, परत उचला. ट्रिगर दोन पायऱ्यांत दाबला जातो; पहिली पायरी हात खाली येतानाच घेऊन ठेवायची, दुसऱ्या पायरीवर दाब वाढवत जायचं. शॉट गेल्यावरही साईटकडे सेकंदभर बघत राहा. ज्या क्षणी शॉट निघाला तेव्हा साईट कुठं होती, ते कार्ड न बघता वहीत लिहा. मग कार्ड बघा.

क्लबमध्ये इलेक्ट्रॉनिक टार्गेट असलं तरी या कामाला कागदी कार्डच घ्या, पडद्यावर 10.3 दिसलं की मेंदू आकड्याच्या मागे लागतो. कार्डावरचं भोक आणखीही सांगतं. चपट्या तोंडाचा पेलेट स्वच्छ गोल भोक पाडतो, कडेला शिशाची करडी रेघ. भोक फाटलं किंवा लांबट आलं तर कागद ढिला लागलाय, पेलेटची कड दबली होती किंवा पेलेट नीट उडत नाही.

अशी पाच-पाचची निदान चार कार्डं मारल्याशिवाय काहीही ठरवायचं नाही. मग ती एकमेकांवर ठेवून उजेडाकडे धरा. ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, किती मोठा, हे तुमचा हात आणि पेलेट सांगतात. ग्रुप कुठं, हे साईट सांगते. या दोन प्रश्नांची सरमिसळ झाली की संपलं.

रेंजच्या भिंतीवर चिकटवलेला "डावीकडे खाली गेला तर ट्रिगर खेचला" असा गोल तक्ता बऱ्याच ठिकाणी दिसतो. माझा त्यावर फारसा विश्वास नाही. उजव्या हातानं मारणाऱ्याचे शॉट्स ट्रिगर झटकल्यावर डावीकडे खाली जातात हे बहुतेक वेळा खरं, पण तेच नवी ग्रिप हातात न बसल्यानंही होतं. एकटा भरकटलेला शॉट सोडून द्या. पाचातले तीन दर कार्डावर त्याच बाजूला जात असतील तर विचार करा.

साईट फिरवायची वेळ

ग्रुप घट्ट आहे, पण सगळा उजवीकडे वर बसलाय: आता स्क्रू. नियम जुनाच: जिकडं शॉट न्यायचा तिकडं रिअर साईट न्यायची. फ्रंट साईट हलवता येत असेल तर ती उलट. स्क्रूवरच्या अक्षरांवर मात्र डोळे झाकून जाऊ नका. कित्येक युरोपी पिस्तुलांवर ते अक्षर शॉट कुठं जातोय ते दाखवतं. शॉट उजवीकडे जात असेल तर उजवीकडच्या अक्षराच्या दिशेनं फिरवायचं, म्हणजे तो डावीकडे येतो. सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं, म्हणून पुस्तिका वाचा आणि पडताळून घ्या: पाच शॉट्स, मग एकाच दिशेला दहा क्लिक, मग पाच शॉट्स. ग्रुप किती मिलिमीटर सरकला ते पट्टीनं मोजा, दहानं भागा. तुमच्या पिस्तुलाचा एक क्लिक किती, हे आता कायमचं कळलं. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. स्पर्धेत हेच कामाला येतं.

रिअर साईटच्या खाचेची रुंदीही बदलता येते. सुरुवातीला फ्रंट साईटच्या दोन्ही बाजूंना भरपूर उजेड ठेवा. खाच अरुंद केली की नेमकेपणा वाढल्यासारखा वाटतो, पण नजर तिथंच अडकून पडते आणि शॉट उशिरा निघतो.

उजेडाचंही असंच. गावातल्या हॉलमध्ये ट्यूबलाइटवर सराव, स्पर्धेला एलईडीचा झोत; ग्रुप वर-खाली सरकतो. लाईट जाऊन जनरेटर सुरू झाला तरी फरक पडू शकतो. अशा वेळी साईट लगेच फिरवू नका. डोळ्याला दोन-तीन मिनिटं द्या, पाच शॉट्स बघा, मग दोन क्लिक.

ट्रिगर आणि वजन

नियमाप्रमाणे ट्रिगरचा दाब किमान 500 ग्रॅम, पिस्तुलाचं वजन जास्तीत जास्त 1500 ग्रॅम. तपासणीत नळी सरळ वर धरून ट्रिगरला 500 ग्रॅमचं वजन अडकवतात. ते उचलल्यावर ट्रिगर सुटता कामा नये. म्हणून 510-520 वर ठेवलेला बरा, अगदी काठावर नको. हलकं करायच्या नादात पोरं पहिली पायरी जवळजवळ नाहीशी करतात. माझ्या मते नवशिक्यानं उलट करावं, दाबाचा मोठा वाटा पहिल्या पायरीवर ठेवावा. बोट तिथं टेकून राहतं आणि दुसऱ्या पायरीला थोडंच काम उरतं.

पेलेट, आणि शेवटी ग्रिप

पेलेटच्या डब्यावर 4.49, 4.50 असे आकडे असतात, तो डोक्याचा व्यास. दोन-तीन प्रकारचे डबे क्लबमधल्या मित्रांकडून थोडे-थोडे मागून घ्या. हातानं मारून यातला फरक नवशिक्याला दिसत नाही, कारण हाताचाच पसारा मोठा; पिस्तूल टेबलावर वाळूच्या पिशवीवर टेकवून मारलं तर थोडाफार दिसतो. एवढं बघून एक निवडा आणि वर्षभर बदलू नका. खाली पडलेला पेलेट परत डब्यात टाकायचा नाही. पेलेट शिशाचे असतात, म्हणून रेंजवरून उठल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नका.

ग्रिपचं लाकूड कानशीनं घासायचं काम मुद्दाम शेवटी ठेवलंय. निदान महिनाभर तशीच वापरा. हातच बऱ्याचदा जुळवून घेतो. त्यानंतरही एकाच जागी टोचत असेल तर तळहाताला खडूची पूड लावून ग्रिप धरा, सोडा. जिथं पूड दाटून लागली तिथं दाब जास्त, जिथं लाकूड कोरं राहिलं तिथं पोकळी. दाबाच्या जागी पॉलिश पेपरनं थोडं-थोडं काढा, पोकळीत एमसील भरा. काढलेलं लाकूड परत येत नाही, भरलेलं एमसील मात्र काढता येतं. म्हणून आधी भरून बघा, मग घासा. मनगटाला टेकणारा किंवा त्याला वेढणारा कुठलाही भाग ठेवायचा नाही, ते नियमात बसत नाही.

घरचा सराव आणि पहिली स्पर्धा

बेळगावातल्या शहापूर, वडगावच्या गल्ल्यांतली लांबट घरं पुढच्या खोलीपासून परसापर्यंत दहा मीटर सहज भरतात, म्हणून घरातच पेलेट मारायचा मोह होतो. मारू नका. मधल्या दारातून कोण कधी येईल याचा भरवसा नाही आणि पेलेट कडक भिंतीवरून उलटतो. घरी फक्त ड्राय, तेही कोऱ्या भिंतीसमोर, रोज वीस मिनिटं. भिंतीवर काही चिकटवू नका; साईट आणि ट्रिगर एवढंच बघायचं. झाल्यावर बाहेरचं लोखंड किंचित तेल लावलेल्या फडक्यानं पुसून डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. पावसाळ्यात ती दर पंधरवड्याला बदला.

बेळगावचा नेमबाज कर्नाटक राज्याच्या स्पर्धांतून पुढे जातो, सराव कोल्हापूरला केला तरी. पहिल्या स्पर्धेआधी एक दिवस पूर्ण साठ शॉट्सची तालीम करा: पंधरा मिनिटं तयारी आणि साईटर (न मोजले जाणारे सरावाचे शॉट्स), मग इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर 75 मिनिटं. दुसरा भरलेला सिलिंडर, ॲलन की, बॅटरी सोबत. 2021 मध्ये टोकियोत मनू भाकरच्या पिस्तुलाचा लिव्हर ऐन पात्रता फेरीत तुटला आणि दुरुस्तीत तिची बहुमोल मिनिटं गेली. ती अंतिम फेरीला थोडक्यात मुकली. आपल्या पिस्तुलाचा कुठला भाग आधी झिजतो, ते विक्रेत्याला विचारून तो आणून ठेवावा. स्पर्धेच्या जागी साहित्य तपासणीत पिस्तूल 420 × 200 × 50 मिलिमीटरच्या पेटीत बसवून बघतात आणि आधी सांगितलेलं 500 ग्रॅमचं वजन अडकवतात. तपासणीचं स्टिकर लागल्यावर ग्रिप किंवा ट्रिगरला हात लावला, तर रांगेत परत उभं राहून पुन्हा तपासून घ्यावं लागतं.